एकवीस तारखेचा अहवाल

सोमवार, ३ ऑक्टोबर

नोकरी लागली, घर मिळालं, आणि खिडकीतून मिसिसिपी दिसते. एकोणपन्नासाव्या वर्षी बाईने याहून जास्त मागू नये. आई गेल्यापासून सेंट लुईसचं घर खायला उठायचं. इथे टॅलो बेंडला आले आणि काल कित्येक महिन्यांनंतर सलग आठ तास झोपले.

घरमालकीण मिस अर्नेस्टीन पीबल्स, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका. वरच्या मजल्याची किल्ली हातात ठेवताना म्हणाल्या की, पुरुषमाणूस आणायचा असेल तर आधी मला दाखव, दोन नवरे पुरलेत मी, पारख आहे. जेवायला कॅटफिश तळला होता आणि दोनदा आग्रह करून वाढला.

काम गावच्या पोलीस ठाण्यात. इथले पोलीस अजून जुन्या छोट्या टेपवर आपला अहवाल बोलतात. टेप टोपलीत पडते, मी हेडफोन लावून ती टाइप करते, ते खाली सही करतात. कोर्टात वीस वर्षं हेच केलं, बोटं आपसूक चालतात. माझी वरिष्ठ बेव्हर्ली हॉक, गोरी, गुबगुबीत, हसरी. तिने डोनटचा डबा पुढे केला आणि म्हणाली की इथे तूच एकटी काळी आहेस, पण काळजी करू नकोस, आम्ही रंग बघत नाही. मी डोनट घेतला. चांगला होता.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

आवाज ओळखू यायला लागलेत. कोल्बी रेन्शॉ सगळ्यात तरुण, सव्वीसचा असेल. आईने वळण लावलेला मुलगा. मला दार उघडून धरतो, मॅडम म्हणतो, टेपच्या शेवटी थँक्यू म्हणतो. ते थँक्यू टाइप करायचं नाही, असं बेव्हर्लीने सांगितलं.

एक गोष्ट मात्र खटकली. गोऱ्या माणसाची गाडी अडवली की अहवाल चार ओळींचा. दिवा फुटला होता, समज दिली, सोडलं. आपल्या माणसाची अडवली की दीड पान. नजर चुकवत होता, आवाज चढवला, घाम आला होता. भर दुपारच्या उन्हात घाम येणार नाही तर काय येणार?

रविवार, ९ ऑक्टोबर

मिस अर्नेस्टीन चर्चला घेऊन गेल्या. तिथे रूफस टॉलिव्हर भेटले. साठीचे, सडपातळ, पियानोचे सूर लावणं हा धंदा. दुपारी आमच्याबरोबर चालत घरी आले आणि मिस अर्नेस्टीनच्या पियानोवर बसले. एक कळ दाबून म्हणाले की, मास्तरीणबाई, हा पियानो नाही, दातदुखी आहे. त्या म्हणाल्या, तुमचं बिल बघून मलाही दातदुखी होते. दोघांचं हे असं तीस वर्षं चाललंय म्हणे.

तारा पिळायचा पाना त्यांनी मला हातात धरायला दिला. लाकडी मूठ, घासून गुळगुळीत झालेली. हा त्यांच्या वडिलांचा.

मग हसणं थांबलं. जूनमध्ये त्यांचा भाचा टेरिल याला पोलिसांनी रस्त्यात अडवून मारलं. जबडा तीन ठिकाणी मोडला. अहवालात लिहिलंय, पायरीवरून पडला. टॉलिव्हर समोरच्या घरात पियानो लावत होते, खिडकीतून सगळं पाहिलं. सोमवारी, चोवीस तारखेला गावच्या सभेत ते साक्ष देणार आहेत. मारणारा रेन्शॉ होता.

दार उघडून धरणारा.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

गेल्या तीन वर्षांचे अहवाल मी जेवणाच्या सुट्टीत चाळले. ‘हात कमरेकडे नेला. मला माझ्या जिवाची भीती वाटली.’ एकतीस वेळा. पाच वेगवेगळ्या पोलिसांचे, पण शब्द तेच, त्याच क्रमाने. अडवलेल्या एकतिसांतले एकोणतीस काळे.

बेव्हर्लीला विचारलं. ती म्हणाली की, अगं, त्यांना शिकवतातच तसं बोलायला, वकिलांना तेच लागतं. आपल्याला टाइप करायला ठेवलंय, विचार करायला नाही. हे सांगताना ती माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी होती.

गुरुवार, २० ऑक्टोबर

आज निघायच्या आधी, पावणेपाचला, रेन्शॉची टेप. नदीकाठच्या रस्त्यावर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. हिरवी व्हॅन, वयस्कर काळा पुरुष, एकटा. पिशवीतून लाकडी मुठीची लांब लोखंडी वस्तू काढून अंगावर आला. मला माझ्या जिवाची भीती वाटली. दोन गोळ्या झाडाव्या लागल्या. नाव नंतर भरा. थँक्यू.

बोटं थांबली नाहीत. त्याचीच लाज वाटते आहे. नवल म्हणजे गावात कुठे कुजबुज नाही, मिस अर्नेस्टीनना तर शेजारची मांजर व्याली तरी आधी कळतं. मी विचारू शकत नाही. ठाण्यातलं बाहेर बोलणार नाही असं लिहून दिलंय.

तारीख तो एकवीस बोलला होता. आज वीस. मी दुरुस्त केली.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

सकाळी अकराला बेव्हर्लीने तो कागद परत आणला. तारीख एकवीसच आहे, तू सुधारणा करत जाऊ नकोस, म्हणाली. मला वाटलं सहीची तारीख असेल. बदलून दिली. मग जेवायला गेले. अंड्याचं सँडविच खाल्लं.

सहाला घरी आले तर मिस अर्नेस्टीन पियानोच्या स्टुलावर बसल्या होत्या, दिवा न लावता. म्हणाल्या, रूफसला मारलं.

नदीकाठच्या रस्त्यावर. चारच्या सुमाराला. हिरव्या व्हॅनपाशी.

मी त्यांची व्हॅन कधी पाहिलीच नव्हती. त्या दिवशी ते चालत आले होते.

शनिवार, २२ ऑक्टोबर

लाकडी मुठीची. मी ती मूठ हातात धरली होती.

जवळजवळ चोवीस तास तो मजकूर माझ्यापाशी होता. त्यांचं मरण मी टाइप केलं, स्वल्पविरामासकट, आणि ते जिवंत होते. शुक्रवारी अकरा वाजता ते कुणाच्या तरी दिवाणखान्यात कळा दाबत असतील. मी फक्त मिस अर्नेस्टीनना एक फोन करायचा होता. हिरवी व्हॅन कुणाची आहे हो, एवढंच.

मिस अर्नेस्टीनना सगळं सांगितलं. वाटलं, घराबाहेर काढतील. त्यांनी पियानोचं झाकण लावलं. मग म्हणाल्या की रडायचं असेल तर आज रडून घे, सोमवारपासून तुझा उपयोग आहे.

सोमवार, २४ ऑक्टोबर

सभा झालीच नाही. ‘दुःखद घटनेमुळे पुढे ढकलली.’ त्याऐवजी पोलीसप्रमुख, चीफ ऑटरबाइन, ठाण्याच्या पायऱ्यांवर उभे राहून बातमीदारांना अहवाल वाचून दाखवत होते. माझा अहवाल. मी जिथे परिच्छेद तोडला तिथे त्यांनी श्वास घेतला.

बेव्हर्ली प्रसाधनगृहात भेटली. डोळे लाल. मी विचारलं नाही, तीच बोलली. ते आधी पाठ करून घेतात, म्हणाली, म्हणजे नंतर अडखळायला होत नाही. ती टेप शुक्रवारी टोपलीत पडायची होती. एक दिवस आधी पडली, एवढीच चूक झाली बघ.

एवढीच चूक. तिने तोंड धुतलं, लिपस्टिक लावली आणि बाहेर गेली. अकरा वर्षं ती इथे आहे. अकरा वर्षं तोंड धुते आहे.

टेपा आठवड्याने पुसतात. वीस तारखेची अजून खोक्यात होती. उचलली.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

राज्य सरकारच्या चौकशी खात्याला राजधानीत फोन केला. बाई नीट बोलली, सगळं उतरवून घेतलं, माझं नाव दोनदा विचारून स्पेलिंग पक्कं केलं. हलकं वाटलं. खात्याचं काम हेच तर आहे, पोलिसांवर नजर ठेवायचं.

बुधवार, २६ ऑक्टोबर

चीफ माझ्या टेबलाशी आले. माझ्यासाठी कॉफी घेऊन, दोन चमचे साखर घातलेली, मी घेते तशी. मी किती साखर घेते ते यांना कुणी सांगितलं? म्हणाले की, ओक्सबाई, राजधानीत माझे जुने मित्र आहेत, तुमचं फार कौतुक करत होते. आपण इथे एक कुटुंब आहोत. कुटुंबातलं कुटुंबात राहावं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड नव्हता. मुद्दाम हलका ठेवला होता.

माझा ड्रॉवर उचकटलेला. पर्समध्येही कुणी हात घातलाय. टेप तिथे नव्हतीच, मिस अर्नेस्टीनच्या मोज्यात होती. त्या दुपारी तेच मोजे घालून बाजारात जाऊन आल्या.

भीती वाटते. पण भीतीपेक्षा राग मोठा आहे. माझ्या करातून, टॉलिव्हरांच्या करातून या पोलिसांच्या गाड्यांत पेट्रोल भरतात.

गुरुवार, २७ ऑक्टोबर, सकाळ

घरासमोर गाडी उभी आहे. इंजिन चालू. आत रेन्शॉ. मिस अर्नेस्टीन कचरा टाकायला गेल्या तर त्याने टोपी काढून गुड मॉर्निंग केलं.

गुरुवार, दुपार

टोपलीत आज एकच टेप.

करड्या रंगाची गाडी. काळी बाई, वय पन्नासच्या आसपास, गाडीत एकटी, राजधानीच्या रस्त्यावर. डावा हात कमरेकडे नेला. मला माझ्या जिवाची — नाव नंतर भरा. थँक्यू.

या वेळी चुकून पडलेली नाही. ती माझ्याचसाठी आहे, करडी गाडी माझीच. बेव्हर्ली काचेपलीकडे बसून नखांना रंग लावत होती. वर बघितलं नाही. एकदाही नाही.

टाइप केली नाही. खिशात घातली. पाच वाजेपर्यंत बसले.

गुरुवार, संध्याकाळ

दोन्ही टेपा वाजवून फोनमध्ये रेकॉर्ड केल्या. टेरिलला पाठवल्या. साक्षीसाठी टॉलिव्हरांनी राजधानीत गाठलेल्या वकिलाला. तीन वर्तमानपत्रांना. चर्चमधल्या चाळीसएक जणांना मिस अर्नेस्टीननी स्वतः पाठवल्या, चष्मा कपाळावर, एका बोटाने, व्याकरण तपासून.

टेरिलला नीट बोलता येत नाही अजून. फोनवर एवढंच म्हणाला, मामाचा आवाज नाही त्यात. मी म्हटलं, नाही. मग मारणाऱ्याचाच आहे, म्हणाला, चालेल.

वकील म्हणतो मूळ टेप हवी, हातात, उद्याच. तिच्याशिवाय कोर्ट विचारणार नाही. तो इकडे यायला निघाला होता, गावाच्या वेशीवर त्याला अडवून परत पाठवलं. दिवा फुटलाय म्हणे.

म्हणजे मलाच राजधानीला जायचं.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर, सकाळी नऊ

करडी गाडी घरीच ठेवली. मिस अर्नेस्टीनची तांबडी काढली. त्या चालवताहेत, मी शेजारी. एकटी नाही, गाडी ती नाही, मी चालवत नाही. टेपमधला एकही शब्द खरा ठरू द्यायचा नाही. मी त्यांना विनवलं की तुम्ही येऊ नका. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं पोरांच्या चुका लाल शाईने काढल्या, एक शेवटची राहिली आहे.

चर्चमधली तीन कुटुंबं मागून निघणार होती. अजून दिसत नाहीत.

नऊ पंचवीस

पूल ओलांडला. शेतं. मका कापून नेलाय, दोन्हीकडे मोकळं. लपायला — नाही, आम्ही का लपायचं.

नऊ चाळीस

मागे गाडी. आपल्यापैकी कुणी असेल.

नाही.

मिस अर्नेस्टीन वेग वाढवत नाहीत. बरोबर आहे. दिवे तपासले होते, काच, पट्टे, कागद, सगळं. अडवायला कारण नाही. कारण लागतं का त्यांना —

निळा दिवा.

थांबलो. कडेला. फोन समोर उभा करून ठेवलाय, चालू आहे, चर्चची माणसं बघताहेत. सिग्नल एक काडी. जातोय, येतोय —

रेन्शॉ उतरला. एकटाच. आमच्या गाडीचा रंग बघतोय. आत दोघी बघून थबकला. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलतोय, ओठ हलताहेत — नवं जुळवतोय. पाठ केलेलं चालेना म्हणून नवं.

लिहून ठेवते. सकाळचे नऊ पंचेचाळीस. लख्ख ऊन. मिस अर्नेस्टीनचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. माझ्या एका हातात वही, एकात पेन, दोन्ही काचेला लागून, त्याला दिसतील असे. आवाज कुणी चढवलेला नाही. मिस अर्नेस्टीन त्याला म्हणाल्या, गुड मॉर्निंग, कोल्बी, तिसरीत तू माझ्या वर्गात होतास.

तो थांबला.

चालायला लागला. हात कमरेकडे नेला — त्याने, त्याने नेला, आमच्यापैकी कुणीही —