पेल्यांतल्या गोगलगायी

सोमवार, ता. ४
सगळ्यांत आधी टपकला तो टकल्या साहेब, मागून दोघी चष्मेवाल्या, हातात डबे. मी कालच लेकीकडे कायमची राहायला आले. काय सुख सांगू! खोली हवेशीर, खिडकीत दिवसभर ऊन. मला वाटलं, म्हातारीला भेटायला आलेत. कसचं काय! जावयाच्या गोगलगायी बघायला आलेले. एवढे शिकले आणि गोगलगायींच्या पोटातले जंत मोजतात. आमच्या ह्यांनी जन्मभर रंधा मारला, पण जंतांची चाकरी नाही केली. जावई त्यांच्यापुढे नुसता नंदीबैल. गोगलगाय अन् पोटात पाय, दुसरं काय!

मंगळवार, ता. ५
माझ्याच खिडकीत उन्हात बारा पेले, दरेकात पाणी अन् एक गोगलगाय. शी! पाहुण्यांची घाण मीच काढायची. गोगलगायी कुंपणापलीकडे भिरकावल्या. पाणी मात्र छान कोमट झालेलं, वाया का घालवा? घमेल्यात ओतून भेगाळलेल्या टाचा अर्धा तास बुडवल्या. स्वर्ग!

संध्याकाळी जावयाचा थयथयाट. उन्हात ठेवलं की गोगलगायीतून जंतांची पिल्लं पाण्यात उतरतात म्हणे, दिसत नाहीत, कातडीतून आत शिरतात. ही जात नवीच. गोगलगायीच्या शिंगांत चढते, तिला उजेडाकडे वर वर नेते, पक्ष्यांनी टिपावं म्हणून. आई, पाणी अंगाला लागलं असेल तर सांगा म्हणाला, गोळी आहे, पण पुढच्या मंगळवारपर्यंतच लागू पडते. मी म्हटलं, मोरीत ओतलं. ह्या मेंगळटापुढे चूक कबूल करू? हॅट!

गुरुवार, ता. ७
टाचांना खाज. डास असतील. ऊन मात्र फार गोड लागतंय. लेक म्हणते सावलीत बस. तिला काय कळतंय!

शनिवार, ता. ९
गुडघे दुखतच नाहीत. गच्चीचा जिना दोनदा चढले – नाही, पाचदा. डोळ्यांमागे काहीतरी सरकतं. आरशात – हिरवे पट्टे, हलणारे. लेकीला सांगणार होते, पण तो बावळट जावई शेजारीच उभा, म्हणून –

सोमवार, ता. ११
गच्चीच्या कठड्यावर बसलेय. कशी चढले कोण जाणे. उतरायचंय, पाय ऐकत नाहीत. डोळे आतून धडधडतात. कावळे जमलेत – गप्प – माझ्याकडेच – हाड मेल्यांनो! जावयाला हाक मारू? मुळीच नाही. टकल्या निदान परका, त्याच्याकडेच गोळी मागेन. परत येतो म्हणालाय, बुधवारी, सकाळी दहा –