जोडीदारणीला न चावणारा नर

मी, उत्तरेश्वर कोंडीराम गुंजाळ, वय ७३, निवृत्त प्राणिशास्त्रज्ञ, राहणार नारायण पेठ, पुणे. डोके ठिकाणावर आहे. कोणीही भरीस घातलेले नसताना माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवतो.

१. नारायण पेठेतील दोन खोल्यांची सदनिका व बँकेतील ठेव माझी पत्नी पूर्णिमा हिला मिळावी. ती सोळा वर्षे कोथरूडला वेगळी राहते. नको म्हणाली, तर कोणी आग्रह करू नये.

२. आमच्या प्रयोगशाळेत व्होल नावाचे उंदरासारखे प्राणी होते. त्यांच्यात नर-मादीची जोडी जमली की सहसा टिकते, आणि एरवीचा गरीब नर परक्या व्होलवर तुटून पडू लागतो. मेंदूतले व्हॅसोप्रेसिन हे रसायन अडवले की हल्ला ओसरतो. यावर मी गावोगाव व्याख्याने दिली. नोंदी मात्र माझा सहायक शहाबाज शमशुद्दीन तांबोळी ठेवत असे. त्या एकेचाळीस वह्या माझ्या कपाटात आहेत. अक्षर त्याचे, वह्या त्याच्या, त्याला द्याव्यात.

३. माझ्यासाठी शोकसभा घेऊ नये. कोणीतरी उठून माझ्या सुस्वभावाबद्दल बोलेल, आणि ते खरे नाही. मार्च २००९ मध्ये मी प्रयोगशाळेत विसरलेल्या किल्ल्या द्यायला शहाबाज घरी आला होता. मी परतलो तेव्हा पूर्णिमा त्याला चहा देत हसत होती. मी तिच्या थोबाडीत मारली. पहिल्यांदा नव्हे, परक्यासमोर मात्र पहिल्यांदा. पुन्हा उगारलेला हात शहाबाजने धरला. मी म्हणालो, "तुला ठाऊक आहे, जोडी जमलेला नर असाच वागतो. रसायन आहे ते."

तो हळूच म्हणाला, "सर, आपला नर जोडीदारणीला चावत नाही. पाच वर्षं नोंदी मीच ठेवतोय."

पूर्णिमा त्याच संध्याकाळी गेली.

४. आठवड्याने मी आमच्या संशोधन संस्थेला लिहून दिले, की शहाबाजने नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. साफ खोटे. त्याची नोकरी गेली. पुढे कुठल्याच प्रयोगशाळेने त्याला दारात उभे केले नाही. तो मार्केट यार्डात टेम्पो चालवू लागला. त्याच्याच नोंदी मी तपासून दुरुस्त केल्या असे सांगून निबंध छापून आणला, माझ्या एकट्याच्या नावाने. सोबतच्या लिफाफ्यात कबुलीजबाब आहे. माझ्या मृत्यूनंतर तो संस्थेला द्यावा.

५. कलम ४ मधील शेवटची दोन वाक्ये रद्द समजावीत. मसुदा मी पूर्णिमाला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, मेल्यावर लाज वाटणार आहे का तुम्हाला? पाय चालतायत तोवर जाऊन या."

काल लिफाफा संस्थेत देऊन पोच घेतली. तिथून कबुलीजबाबाची दुसरी प्रत घेऊन मार्केट यार्डात गेलो. शहाबाज टेम्पोतून कांद्याच्या गोण्या उतरवून घेत होता. त्याने कागद उभ्यानेच दोनदा वाचला. मी माफी मागितली. त्याने उरलेल्या दोन गोण्या उतरवून घेतल्या. मग म्हणाला, "सर, हा कागद मला राहू द्या. सुहानाला दाखवायचाय. शाळेत कोणीतरी तिला सांगितलं होतं, तुझ्या बापाला हाकलला म्हणून. आता कॉलेजात आहे. एवढ्या वर्षांत पोरीनं मला एकदाही विचारलं नाही."

स्थळ : पुणे
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

सही : उ. कों. गुंजाळ

साक्षीदार (दोघांनी मला सही करताना पाहिले, मजकूर वाचलेला नाही) :
१. शेफाली दत्तप्रसाद रानडे, शेजारी
२. आनंद माऊली शेवाळे, औषध दुकानदार