देव्हाऱ्याशेजारचं कोकरू

कोची, ४ मार्च २०२४

सौ. ताईस,
कृष्णातचा सा. न. वि. वि.

फोनवर आई ऐकून घेत न्हाय, म्हणून लिहितोय. मी बाटलेलो न्हाय. इथल्या जुन्या चर्चचं चित्र पाठवलं, ते माझ्या हातचं पहिलं काम हाय म्हणून. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओरखडायचं, तेजाबात बुडवायचं, शाई भरून कागदावर दाबायचं, ह्याचाच मला पगार मिळतो. त्यात क्रूस असणारच की. चर्चवर काय कळस काढू?

तिनं चित्र ज्वारीच्या पोत्यामागं उलटं घातलंय आणि यात्रेला घरात पाऊल टाकू नको म्हणाली. इथं वर्षभर मासे खाऊन तोंड विटलंय, यात्रेच्या मटणावर डोळा लावून बसलोय. तू वडगावहून मुरगूडला जा आणि तिला नीट सांग. चित्रातल्या चर्चच्या दारावर निशाण घेतलेलं कोकरू हाय, तो त्यांचा येशू. माणसांच्या पापापायी कोकरागत जीव दिला आणि परत उठला, म्हणून निशाण. खाली पक्षीण आपलीच छाती फोडून पिल्लांना रक्त पाजती, तीबी त्याचीच खूण. मला हे काम शिकवणाऱ्या उस्तादानं समजावलं तेवढं लिहिलं. ह्यात बाटण्यासारखं काय हाय?

दाजींना नमस्कार. लोभ हाय तेवढा राहू दे.
तुझा कृष्णात

मुरगूड, १५ मार्च २०२४

चि. कृष्णातास, ताईचे अ. आ.

तुझी वकिली केली आणि फसले. आईनं सगळं ऐकलं, उठली, चित्र पुसून देव्हाऱ्याशेजारी लावलं. मला वाटलं, सुटले. तर म्हणती, ज्या घरात कोकरू देव होऊन बसलंय तिथं यंदा बकरं पडायचं न्हाय. तात्या म्हणाले, अगं ते कोकरू, आपलं बकरं. तर म्हणाली, लेकरू ते लेकरू. इकडं तात्यांनी सगळ्या भावकीला आवतण दिलंय, तुझ्या दाजींचे मित्र कोल्हापूरहून येणार. तात्या चित्र काढा म्हणतात, आई हात लावू देत न्हाय. दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात. मला माझं घर हाय का न्हाय?

आईचा निरोप असा, की हा देव कृष्णातनं आणलाय, तर त्यानंच यात्रेला येऊन पावण्यांना सांगावं, ताटात काय वाढणार ते.

जिवाला जप, माया पातळ करू नकोस.
ताई

कोची, २४ मार्च २०२४

ताई, सा. न.

आधी येऊ नको, आता येऊन शिव्या खा. ह्या बाईपुढं उस्तादबी हात टेकंल. तात्यांना सांग, बकरं काकांच्या दारात पडू दे, पावण्यांना तिकडंच धाडा. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. मी आईच्या पंगतीला बसून पुरणपोळी खाणार. गाडीचं तिकीट काढलंय. तिला म्हणावं, तूप तरी सढळ हातानं वाढ.

तुमच्या सगळ्यांच्या रागालोभाचा,
कृष्णात