टाकी भरल्याचा भ्रम

मिरजगाव, ता. १४ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. साळूअक्कास,
कानिफनाथचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस. फोन उचलणं बंद केलं आहे, कारण पलीकडचा प्रत्येक माणूस आवाज गोड करून बरं वाटतंय का विचारतो. पत्रात आवाज गोड करता येत नाही.

मी उदासपणावरच्या गोळ्या सोडल्याचं सत्यशीलाने तुला कळवलंच असेल. बायकोच ती. पण कारण सांगितलं नसेल, कारण ते तिला कळलेलं नाही. नगरच्या डॉक्टरांनी गोळी सेरोटोनिनवर काम करते एवढंच सांगून पुढचा पेशंट आत बोलावला. एवढ्यावर माझं भागत नाही. मी वाचलं.

मेंदूत ट्रिप्टोफॅन नावाचा कच्चा माल येतो. त्याचं सेरोटोनिन करायचं मुख्य काम ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम करतं. (पूर्ण नाव लिहितो, अर्धवट मला चालत नाही.) अख्खा कारखाना त्याच्या वेगाने चालतो. पेशी कामाला लागली की आत कॅल्शियम येतं, एन्झाइमला फॉस्फेटचा बिल्ला लागतो आणि ते जोर धरतं. पेशी गप्प, तर तेही सुस्त. शिवाय पेशीच्या अंगावर, पाण्याच्या टाकीत असतो तसा फ्लोट असतो. बाहेर सेरोटोनिन साचलं की फ्लोट वर येतो, टाकी भरली असं समजून मोटार मंद करतो.

आता गोळी काय करते? बाहेर सोडलेला माल परत आत ओढणारा पाईप बुजवते. माल बाहेर साचतो, फ्लोट फसतो आणि माझीच मोटार बसते! गोळी खाऊन मला जास्त वाईट वाटलं ते यामुळे. पैसे देऊन स्वतःचा कारखाना बंद पाडण्याइतका मी खुळा नाही. त्याऐवजी कच्चा मालच वाढवला आहे. दूध, शेंगदाणे, तीळ, भोपळ्याच्या बिया आणि केळी, घडानेच.

मोटार वाइंडिंगचं दुकान बंद आहे. कांद्याला पाणी द्यायचे दिवस, जळक्या मोटारी दारात पडून आहेत. पण तारेचे वेढे मोजता मोजता आकडा निसटतो. सध्या ते काम जमणार नाही.

तुझी माया आणि तुझा धाक, दोन्ही चालू असू दे.

तुझा,
कानिफनाथ


शेवगाव, ता. २० नोव्हेंबर

चि. कानिफनाथ यास,
साळूअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ह्यांनी आधी वाचाया घेतलं आन् हे पत्र हाय का पंपाचं गॅरंटी कार्ड, म्हनून इचारलं.

केळ्यांचं कळलं. माल डोक्यात पोचला का ठाऊक न्हाई, पर खालच्या अंगाला लई जोरात पोचला म्हनं. दिवसभर टमरेल सोडलं न्हाईस.

सत्यशीलानं आनखी एक सांगितलं, जे तू लिहिलं न्हाईस. वाइंडिंगची अवजारं तू कोपरगावच्या एका मानसाला देऊन टाकाया निघालास. मला आता काय लागनार, म्हनलास. लागनार कसं न्हाई रं? चाळीस वर्सं ज्या पान्याला पोरांना हात लावू दिला न्हाईस, तो आता लोकाला देतोस?

मला तुझं एन्झाइम कळत न्हाई. तुझी खोड कळती. मिक्सरचं पुस्तक बी तू शेवटच्या पानापत्तर वाचतोस आन् न वाचनाऱ्याला गाढव म्हनतोस. मग ह्या फ्लोटचं अर्ध्यात का सोडलंस? फसतो, बरं. पर किती दिस फसतो? जलमभर? तेवढं वाचून, नगरच्या डाक्टरला इचारून मला कळव. न्हाई कळवलंस तर मी येती, आन् ह्यांना बी आनती. ते एकदा आले की महिनाभर हलत न्हाईत, ठाऊक हाय तुला.

अवजारांना हात लावायचा न्हाई. माया हाय तवर शिव्या बी घ्याव्या लागतील.

साळूअक्का


मिरजगाव, ता. २८ नोव्हेंबर

ती. सौ. साळूअक्कास,
सा. न. वि. वि.

दाजींना आणण्याची धमकी हा सरळसरळ अत्याचार आहे.

तुझा प्रश्न रास्त होता, हे लिहिताना मला त्रास होतो. फ्लोट जन्मभर फसत नाही. काही आठवडे पाणी सतत वर राहिलं की तो बोथट होतो, मोटार पुन्हा वेग घेते, आणि पाईप तर बुजलेलाच असतो, म्हणून माल टिकून राहतो. म्हणजे मी नेमका घाटाच्या मध्यावर गाडीतून उतरलो. गोळी उशिरा लागू पडण्याचं एवढंच एक कारण नाही, असं म्हणून शास्त्रज्ञ अजून भांडतात. तेही नमूद करतो, नाहीतर लबाडी होईल.

केळ्यांचाही निकाल लागला. मेंदूच्या दारात ट्रिप्टोफॅनला दुसऱ्या अमिनो आम्लांशी ढकलाढकली करावी लागते, आणि दूध-शेंगदाण्यांतून तीच गर्दी जास्त येते. एका पाहुण्यासाठी मी अख्खी वरात बोलावली. शिवाय शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात बनतं, तिथलं एन्झाइमही निराळं आणि तो माल मेंदूत चढतच नाही.

नगरला जाऊन आलो. डॉक्टरांना फ्लोटचं समजावलं. त्यांना ते आधीच माहीत होतं, मग सांगायला काय झालं होतं? नंतर सत्यशीलाने अवजारांची गोष्ट काढली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारलं. मी हो म्हणालो. ती शेजारीच बसली होती. तिने मांडीवरची पिशवी घट्ट धरली, एवढंच.

गोळी पुन्हा सुरू केली आहे, थोड्या मात्रेपासून. दर आठवड्याला दाखवायला जायचं. गोळ्या सत्यशीलाच्या ताब्यात असतात, मला रोज एक मिळते, शाळेतल्या पोरासारखी. हा अपमान मी मान्य केला आहे.

आहेस तशीच राहा.

कानिफनाथ


शेवगाव, ता. ४ डिसेंबर

चि. कानिफनाथास आशीर्वाद.

तू हो म्हनलास ते वाचून मी भाकरी टाकायची थांबले. तव्यावरची करपली. मग तुला चार शिव्या दिल्या, मग रडले, मग ह्यांनी करपलेली खाल्ली.

खोटं न्हाई बोललास, लई बेस केलंस. असंच खरं लिहीत जा. शास्त्र कमी लिहिलंस तरी चालंल.

साळूअक्का


मिरजगाव, ता. ९ जानेवारी २०२५

ती. सौ. साळूअक्कास,
सा. न. वि. वि.

बरं वाटतंय असं लिहिणार नाही. सकाळ अजून जड जाते, आणि कधी दुपारही. खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो.

पण अवजारं माझ्याकडेच आहेत, दुकानही रोज थोडा वेळ उघडतो, आणि काल तिथे एक प्रकार घडला. परवा मी बांधून दिलेली मोटार घेऊन एक शेतकरी दुकानात आला आणि ती उलटी फिरते म्हणून चार माणसांत ओरडायला लागला. याने फेजच्या वायरी उलट जोडलेल्या, आणि बोट माझ्या वाइंडिंगकडे! अक्का, मी चिडलो. किती महिन्यांनी, पण असा चिडलो की त्याची अक्कल, त्याचा वायरमन आणि असा जावई पसंत करणारा त्याचा सासरा, सगळ्यांचा उद्धार केला. आवाज ऐकून सत्यशीला घरातून धावत आली, आणि दारात उभी राहून हसायलाच लागली. शेतकऱ्याला वाटलं त्यालाच हसते. तो आणखी भडकला, मग मीही. शेवटी वायरी मीच बदलून दिल्या, मोटार सुलटी फिरवून दाखवली आणि पुन्हा एकदा गाढव म्हणालो. तो चहा पिऊन गेला.

आज जेवताना भात कच्चा निघाला, तेही मी बोललो. सत्यशीला आत जाऊन कुकर चढवता चढवता गाणं गुणगुणू लागली. दुसऱ्या कडव्यात तिचे शब्द चुकले. मी इथूनच ओरडून दुरुस्त केले. तिने मुद्दाम पुन्हा चुकीचे म्हटले, आणखी मोठ्याने.

थांबतो. तिसरं कडवंही चुकवते आहे.

तुझाच,
कानिफनाथ