माझ्या फोटोपुढचा नैवेद्य

कौलून, हाँगकाँग

धाकटे यीम-हा,

मँचेस्टरच्या थंडीत तुझे गुडघे आणि तुझा नवरा, दोन्ही कुरकुरत असतील असं धरून चालते. दोघांनाही शेक दे. मी बरी आहे. निदान मेलेली नाही. तेच सांगायला लिहितेय.

मी स्टुडिओत कपडे शिवायचे ना, तिथल्या कवान दिग्दर्शकाला भुताच्या सिनेमात मेलेल्या सासूचा फोटो हवा होता. नटी म्हणाली, जिवंतपणी मी धुपापुढे बसणार नाही. (शहाणी!) कवान माझ्याकडे वळला, "मावशी, तुमचा चेहरा तसा तयारच आहे." शूटिंग संपलं की अशा फोटोवर तांबडी रेघ मारून तो जाळायचा, म्हणजे जिवंत माणसाला बाधत नाही, ही आपली रीत. पण सिनेमा विकत घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकांना नेमका तो फोटोच आवडला, म्हणून या मेल्याने तो पोस्टरवर चढवला. रेघ राहिली, जाळणंही राहिलं.

तेव्हापासून सिनेमा जिथे लागतो, तिथली माणसं माझ्या फोटोसमोर बसून जे खातात त्याची चव माझ्या तोंडात येते. सिंगापूरला लागला, भर दुपारी त्या उग्र वासाच्या ड्युरियन फळाचे ढेकर. बँकॉकला लागला, मिरचीने जीभ सोलली. (नात म्हणते, "आजी, अॅसिडिटी आहे." म्हटलं, अॅसिडिटी अशी देशोदेशी फिरत नाही.) पॅरिसला बक्षीस मिळालं, कवान नाचला आणि मी उपाशी! तिथली माणसं सिनेमा बघताना खातच नाहीत, नुसता विचार करतात. घरचा भात घ्यावा तर तोंडात राख होते. इतकी वाळले की झगे सगळे शिवणीत आत घेऊन झाले. शेजारची फॉकबाई म्हणते, "नशीब काढलंत, अख्खं जग तुमच्याकडे बघतंय." बघतंय खरं, पण मेलेली म्हणून बघतंय.

तुझी, अजून श्वास घेणारी ताई,
साउ-काम

ता.क. सिनेमा तुझ्या गावात लागलाय. थिएटरबाहेरच्या पोस्टरवर माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत तांबडी रेघ ओढ. एकावर ओढली तरी पुरे; इथली उतरलीत, नाहीतर मीच ओढली असती. लिपस्टिक चालेल. कुणी हटकलं तर इंग्रजी येत नाही म्हण. ते खोटंही नाही.

ता.ता.क. दुकानातून सवड नाही, सिनेमा बघितला नाही, असं लिहिलंस. खोटारडी! रविवारी माझ्या तोंडात तळलेल्या तिळाच्या लाडवाची चव आली. इतकी साखर तूच घालतेस. शेवटी शेवटी लाडू खारट लागला. रडत कशाला खात होतीस? पुन्हा जा. भाजलेलं बदक ने, सावकाश खा. रेघ घरी जाताना ओढ.