चौथं पान

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे हे वाचून जिवात जीव आला. आपल्या दोघांच्या नावावरच्या इमारतीची आगीच्या धोक्याची तपासणी झाली एकदाची. विमा कंपनीला अहवाल हवा आणि त्यावर दोन्ही मालकांच्या सह्या. अहवाल सोबत आहे. शेवटच्या पानावर माझ्या सहीखाली तुझी कर आणि उलट टपाली पाठव.

तपासणीला आलेल्या बाई मला सरळ वाटल्या नाहीत. तीन तास होत्या. तळमजल्यावरच्या गादीवाल्याकडे फोमचे गठ्ठे काय चाचपले, जिना टेपने काय मोजला, आणि ज्याला त्याला विचारत सुटल्या की इथे रात्री झोपायला किती माणसं असतात. आगीशी त्याचा काय संबंध? दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू, ज्याला मी मुंगूस म्हणतो, त्यांच्याशी जिन्यात कुजबुजत होता. करारात दोघं आहेत, पण राहतात पाच, हे मी लिहून देतो. त्यानेच बाईंचे कान भरले असणार. मी चहा विचारला तर नको म्हणाल्या.

माया पातळ करू नकोस.
तुझा धाकटा


ता. ११ फेब्रुवारी

चि. भाऊरायास,
अनेक आशीर्वाद.

अहवाल दोनदा वाचला. कारण तू घाई करायला लागलास की मला तुझं प्रगतिपुस्तक आठवतं. बाबा बुटाची नाडी बांधत असतानाच तू ते सहीला पुढे करायचास.

पानांच्या खाली आकडे आहेत. एक, दोन, तीन आणि मग पाच. चौथं कुठे गेलं? तिसऱ्या पानाच्या शेवटी लिहिलंय की मागच्या दाराविषयी पुढच्या पानावर पाहावे. काय पाहावे? कुठेतरी पाणी मुरतंय, भाऊराया. आणि चहा न घेता तीन तास काम करणारी बाई मला तरी आवडली.

खोकल्याकडे बघ, चालढकल नको.
तुझी ताई


ता. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चौथं पान बाईच घालायला विसरल्या असतील. मी मोजायला गेलो नाही. तुझी भावजय म्हणते की ताईंनी वकील व्हायला हवं होतं.

मागच्या दाराचं म्हणशील तर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दाराला मी चार वर्षांपूर्वी कुलूप घातलं. मुंगूस मागच्या लोखंडी जिन्यावरून जादा माणसं आत घ्यायचा. किल्ली माझ्याच खिशात असते. काही झालंच तर फोन करायचा, वीस मिनिटांत मी हजर. इतकं साधं आहे. सख्ख्या भावावर संशय घेतेस याचं वाईट वाटलं, ते लिहितो आणि विसरतो.

सहीची वाट बघणारा,
धाकटा


ता. २३ फेब्रुवारी

चि. भाऊरायास,
अनेक आशीर्वाद.

रुसू नकोस, सहीचं बघते. आधी एक घरचं काम. तुझ्या भाचीला तुमच्याच गावात नोकरी लागली, एक तारखेला रुजू व्हायचंय. तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली रिकामी आहे ना? ती तिथेच राहील. आपली इमारत असताना दुसरीकडे कशाला? तेवढा पंखा पुसून घे. तिची झोप तुला ठाऊकच आहे, उशाशी ढोल वाजवला तरी कूस बदलत नाही.

भावजयीला माझी आठवण सांग.
तुझी ताई


ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिला त्या खोलीत ठेवू नकोस. आमच्याकडे राहू दे, आमची खोली देतो, आम्ही बाहेर झोपू. अगं, खाली सगळा फोम, वर लाकडी जिना. पेटलं तर धूर जिन्यातूनच वर येणार आणि माणसाला तीन-चार मिनिटंही मिळणार नाहीत. मागचं दार बंद, म्हणजे त्या खोलीतून सुटायला वाटच नाही. बाईंनी हे अगदी स्वच्छ लिहिलंय. माझ्या भाचीला मी तिथे एक रात्रसुद्धा झोपू देणार नाही.

घाईत,
धाकटा


ता. ४ मार्च

चि. भाऊरायास,
आशीर्वाद.

नोकरी नाही नि काही नाही. पोरगी इथेच आहे. तुझ्याशी खोटं बोलले आणि त्याची मला लाज वाटत नाही. चौथं पान शेवटी तूच आपल्या हाताने लिहून पाठवलंस.

भाचीला जिथे झोपू देणार नाहीस, त्याच्या शेजारच्याच खोलीत शिवणवाल्या बाई दोन मुलींना घेऊन झोपतात. त्यांना कुणी मामा नाही म्हणून चालतं का? तुझा राग आलाय मला, आणि माझाही. चार वर्षांत मी फक्त गुडघ्याबद्दलच लिहीत राहिले. सही करणार नाही. तुझ्या मुंगसाकडे पाच माणसं असोत की पंधरा, कुलूप काढ.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई


ता. १६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी कुलूप काढलं. तपासणीच्या बाईंना जाऊन भेटलो, पान लपवल्याचंही सांगितलं. त्या म्हणाल्या की नुसतं दार उघडून भागत नाही, लोकांकडून सराव करून घ्या.

शनिवारी दुपारी घंटा वाजवायला लावली. दार सताड उघडं ठेवून मी तिसऱ्या मजल्यावर, लोखंडी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. खरं सांगतो, मुंगसाची माणसंही मोजणार होतो. पण माझ्याकडे कुणी आलंच नाही. सगळे पुढच्या जिन्यावर कोंबले गेले. शिवणवाल्या बाई मुलींना ओढत माझ्यापासून पाच पावलांवरून गेल्या. मी हाका मारल्या, तरी वळल्या नाहीत.

खाली गेल्यावर विचारलं. बाई ओशाळल्या, जणू चूक त्यांचीच. म्हणाल्या की मुलींना मी लहानपणापासून शिकवलंय, तिकडे दार नाही, भिंत आहे. आग लागली तर तिकडे पळून कुलपाशी अडकून राहू नयेत म्हणून.

मला तिथे उभं राहवेना, ताई. मी माणसं मोजत होतो आणि त्या चार वर्षं हा हिशेब करत होत्या.

आता रोज संध्याकाळी जातो. दोघींना हाताला धरून त्या दारापर्यंत नेतो. मोठी उतरते. धाकटी उंबऱ्याशी थांबते आणि हात लावून बघते, खरंच भिंत नाही ना. ती आपण होऊन उतरेपर्यंत तुझी सही मागणार नाही.

तुझा,
धाकटा