इंग्रजीसाठी इस्त्रीचा शर्ट

३ नोव्हेंबर
आजपासून इंग्रजी. ऑनलाइन. दारव्ह्याच्या आमच्या कॉलेजात सगळ्यांचं मत की ऑनलाइन इंग्रजी येत नाही. वर्गातला फिरोज म्हणतो, समोर माणूस नसला तं तोंडच उघडत नाही. माझं मत: हुशार माणसाला घरबसल्या काहीही येतं. महिनाअखेर तोंडी परीक्षा. सर्टिफिकेट आणलं तर यवतमाळचा एक शोरूमवाला कामावर घेणार आहे. घरी आत्ताच काही सांगायचं नाही. पास झालो की थेट इंग्रजीतच सांगेन.

५ नोव्हेंबर
निशिगंधा मॅडम फार छान शिकवतात. कॅमेरा चालू ठेवावा लागतो, म्हणून वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा. दार बंद. प्रश्न आला की मी हसतो. छान इम्प्रेशन पडतं. आईने बाहेरून विचारलं, कोनासंग बोलून राह्यला? म्हटलं, आहे कोणीतरी.

१२ नोव्हेंबर
क्लास बुडाला. क्रिकेट. ग्रामर उद्यापासून नक्की. मॅडमचा मेसेज: कपिल, मिस्ड यू टुडे. फोन चार्जिंगला होता, आईने तो शेजारच्या पोरीकडून वाचून घेतला. तेव्हापासून चहात जास्त दूध. बाबांनी विचारलं, ते निशिगंधा कोन्या गावची? म्हटलं, कळंबची. म्हणाले, जवळच हाय, बरं झालं. इंग्रजीमुळे घरात मान वाढतो तो असा.

२१ नोव्हेंबर
बाबांनी माझ्या खोलीला रंग दिला. कायले, विचारलं. म्हणाले, कॅमेऱ्यात दिसते ना! शेवटी बाबांना शिक्षणाची किंमत कळली. रंगाच्या वासाने अभ्यास झाला नाही.

२९ नोव्हेंबर
तयारी पूर्ण. एक वाक्य पाठ आहे, बाकी कॉन्फिडन्स. आई-बाबांना एवढंच सांगितलं की उद्या दुपारी निशिगंधा मॅडम व्हिडिओवर येणार, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. आईने डोळे पुसले.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ
मॅडमनी इंग्रजीत विचारलं, वडील काय करतात? मी वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात दार उघडलं. आई नव्या साडीत, हातात पोह्यांची प्लेट. मागे बाबा, टोपी घालून. बाबांनी फोनकडे पाहून सांगितलं की शेती हाय, हीर हाय, पोरगा एकुलता एक, दारू पेत नाही. आईने प्लेट कॅमेऱ्यापुढे धरून विचारलं, बाई, सैपाक येते ना?

मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा फोन हलला. म्हणाल्या, काकू, मी याले इंग्रजी शिकवते, माह्यं लगन झालं, लेकरू बालवाडीत हाय. मग तिघंही कपाशीपासून कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या दर्शनापर्यंत बोलत बसले. माझी वेळ संपली. मी एकूण बोललो ते 'यस मॅडम'.

नापास. जानेवारीत पुन्हा परीक्षा. शोरूमवाल्याला काय सांगू? रडूच येत होतं.

आईने पोहे माझ्याकडे सरकवले. म्हणाली, जानेवारीत दुसरी मॅडम असन तं आधीच सांगजो. लगन झालं का नाही, आपुन पहिले इचारून घेऊ.